काळं डोकं, तांबडं डोकं

प्लेगाने कल्याणात पाय ठेवला, त्या थंडीत आम्ही गाव सोडून शेतात राहायला गेलो. आम्ही म्हणजे मी, माझी आई आणि माझी थोरली बहीण अक्का. बायकोला आणि मुलांना मी आधीच नाशकाला तिच्या माहेरी पोचवलं होतं. आईला मोतीबिंदू झालेला, तिला घरचा उंबरठासुद्धा चाचपून ओलांडावा लागे. ती म्हणाली, "मी नाशिकबिशीक काही जाणार नाही. मरायचं तर इथल्या पाण्यावर मरेन." आई नाही म्हणून अक्का नाही, आणि त्या दोघी नाहीत म्हणून मी नाही. मी शाळामास्तर होतो आणि शाळा तर बंदच पडली होती.

डोंबिवलीच्या बाजूला, खाडीपासून थोडं अलीकडे, एका आगरी शेतकऱ्याचं भाताचं शेत नुकतंच कापून झालं होतं. तिथे त्याने गावातल्या लोकांना झोपड्या बांधू दिल्या होत्या. बांबूच्या तट्ट्या, वर पेंढा, खाली शेणाने सारवलेली जमीन. ओळीने अशा बऱ्याच झोपड्या होत्या आणि आमची शेवटून दुसरी. समोर नुसती भाताची धसकटं, मग बांध, मग बाभळी, आणि त्यापलीकडे भरतीच्या वेळी चकाकणारं पाणी.

अक्का चाळिशीची होती. लग्न होऊन सासरी गेली आणि वर्ष फिरायच्या आत विधवा होऊन परत आली, तेव्हा मी धुळाक्षरं गिरवत होतो. तेव्हापासून ती आमच्याकडेच. स्वयंपाकघर, विहीर, देवघर आणि मागचं अंगण, एवढ्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. डोक्यावरून ओढलेलं तांबडं अलवण, खाली बघून चालणं, सणासमारंभाला आतल्या खोलीत बसणं. हे सगळं मी लहानपणापासून इतकं पाहिलं होतं की त्यात काही पाहण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नाही. शेतात आल्यावर मात्र आतली खोलीच उरली नाही. झोपडीला एकच दार, आणि दारासमोर आकाश. पहिले काही दिवस ती अवघडून गेली. मग सकाळचं आटोपलं की दाराशी जोत्यासारखा मातीचा एक उंचवटा होता, त्यावर बसायला लागली.

एके सकाळी मी आंघोळीचं पाणी तापवत होतो, तेवढ्यात तिने हाक मारली.

"अरे, इकडे ये. ती पिवळी पाखरं बघ. चिमण्यांसारखी दिसतात, पण चिमण्या नव्हेत."

खळ्यावर सांडलेलं भात टिपायला मोठा थवा उतरला होता. मी लांबूनच म्हटलं, "सुगरणी असतील."

"सुगरण मला माहीत नाही होय? आपल्या विहिरीवर घरटी लोंबायची. सुगरण पिवळी असते ती डोक्याला. ही पोटाला पिवळी आहेत."

मी जवळ जाऊन पाहिलं. तिचं खरं होतं. चिमणीपेक्षा जरा मोठी, जाडसर चोचीची पाखरं. दाणा चोचीत धरून असा काही दाबत की तूस दोन्ही बाजूंनी गळून पडे आणि तांदूळ तेवढा आत जाई. काहींचं डोकं काळपट, काहींचं तांबूस, आणि पुष्कळशी नुसतीच मातकट. आम्ही बघत असतानाच शेतकरी बांधावरून ओरडत आला आणि सगळा थवा सूप झटकल्यासारखा आवाज करत उठला. समोरच्या बाभळीवर जाऊन बसला तर बाभूळ अवेळी फुलल्यासारखी दिसायला लागली.

अक्काने शेतकऱ्याला विचारलं, "काय हो, ह्या पाखरांना काय म्हणतात?"

तो वैतागलेलाच होता. म्हणाला, "चोर म्हनतान, बाय. दिवाली जाली का येतान, नि उनाला लागला का जातान."

"पण काळ्या डोक्याची वेगळी आणि तांबड्या डोक्याची वेगळी का?"

"दोगव माजा भातुच खातान," तो म्हणाला आणि गोफण फिरवत निघून गेला.

यावर अक्का हसली. तोंडावर पदर न घेता तिला हसताना मी फार वर्षांनी पाहिलं.

त्या दिवसापासून हा तिचा विषय झाला. मी मास्तर असल्यामुळे मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर ताबडतोब द्यायची सवय. मी सांगून टाकलं, "काळ्या डोक्याचा नर आणि तांबड्या डोक्याची मादी. साधी गोष्ट आहे."

चार-पाच दिवस ती नुसती बघत राहिली. मग एकदा मी जेवायला बसलो असताना म्हणाली, "तुझं चुकतंय. तांबडी जर मादी, तर मातकट ती कोण?"

"पिल्लं असतील."

"एवढी पिल्लं? थव्यात निम्म्याहून जास्त मातकट आहेत. आणि आज खाडीकडच्या बांधावर एक थवा होता, त्यात सगळी तांबड्या डोक्याची आणि मातकट. काळं एकही नाही. तुझे नर कुठे गेले मग?"

आई भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "त्याला जेवू दे गं. पाखरांचं काय घेऊन बसलीस."

पण मीही आता बघायला लागलो होतो. करायला दुसरं होतंच काय? गावातून रोज कोणाची तरी बातमी येई. ती ऐकण्यापेक्षा पाखरं बघितलेली बरी, असं मनात येई. हळूहळू फरक दिसू लागले. पुष्कळसे अक्कालाच आधी दिसले. काळ्याचं काळं म्हणजे नुसती टोपी होती. डोळ्यांच्या खालपर्यंत ओढलेली, पण गळा स्वच्छ पिवळा. तांबड्याचा तांबडा रंग मात्र चेहऱ्यावरून गळ्यावर आणि तिथून छातीपर्यंत उतरलेला. "कातात बुचकळून काढल्यासारखा," असं ती म्हणाली. काळ्याची पाठ विटकरी आणि तांबड्याची हिरवट, त्यावर बारीक रेघा. तांबडा अंगाने किंचित लहान. आवाज दोघांचा सारखाच, उडताना टिट्-टिट् असा कोरडा. गाताना मात्र आम्ही एकालाही ऐकलं नाही. त्यावर अक्का म्हणाली, "परक्याच्या घरी कोण गातंय?"

आणखी एक गोष्ट. थंडीच्या सुरुवातीला काळ्याचं काळं धड काळं नव्हतंच, वरून कोणी राख फासल्यासारखं होतं. मला वाटलं, पाखरं आजारी आहेत. अक्का म्हणाली, "पिसांच्या कडा मातकट आहेत, आत काळं आहे. कडा झिजल्या की दिसेल बघ."

तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ठरवून टाकलं की काळा आणि तांबडा हे दोन्ही नर, दोन निरनिराळ्या जातींचे, आणि मातकट त्या माद्या. पण मग प्रश्न पुढे गेला. मातकटांपैकी काळ्याच्या कुठल्या आणि तांबड्याच्या कुठल्या?

ह्यावर आम्ही किती डोकं खाजवलं! एक म्हणायचं, हिच्या पाठीवर जरा तांबूस झाक आहे, ही काळ्याची. दुसरं म्हणायचं, उन्हाने तसं दिसतंय. एखादी तांबड्यांच्या घोळक्यात बसली की वाटे, सापडली. आणि थवा उठून पुन्हा बसला की तीच काळ्याच्या शेजारी. शेवटी अक्का म्हणाली, "मातकट त्या सगळ्या सारख्याच. आपल्याला नाही कळायचं. त्यांचं त्यांना कळत असेल."

शेजारच्या, म्हणजे ओळीतल्या अगदी शेवटच्या झोपडीत कल्याण स्टेशनावरचा एक तरुण तारमास्तर, त्याची बायको आणि त्याची आई राहत होती. ही आईही विधवाच. वयाने अक्काएवढीच, पण मोठ्या मुलाची आई म्हणून मी तिला काकू म्हणे. अंगलटही तीच; दोघी बुटक्या, वाळलेल्या, दोघींना तसंच अलवण. पाठमोऱ्या बसल्या की लांबून मलाही क्षणभर विचार करावा लागे. स्वभाव मात्र उलटा. अक्का एक शब्द बोलायची तिथे काकू दहा बोलायच्या, आणि त्यातले निदान सहा सुनेबद्दल असायचे.

काकू आधी म्हणायच्या, "पाखरं ती पाखरं. त्यात काय बघायचं?" पण अक्काशेजारी बसून बसून त्यांनाही नाद लागला. खळ्यावर आधी काळा उतरतो की तांबडा, यावर दोघी पैज मारायच्या. हरणारीने दुसरीचं भांडं घासायचं. एकदा आईने दाराशी येऊन काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, आत चल, ऊन लागेल." काकू हसून म्हणाल्या, "ऊन मला लागतंय खरं, पण तुमची लेक ती पलीकडची." तिघीही हसल्या.

असा महिना-सव्वा महिना गेला. त्या दिवसांना मी सुखाचे म्हटलं तर लोक मला वेडा म्हणतील. पण अक्कापुरतं तरी ते खरं होतं.

पौषात काकूंना ताप भरला. दुसऱ्या दिवशी अक्कालाही. मी तिच्या काखेत बघायचं टाळत होतो, तर तीच म्हणाली, "गाठ आहे. हात लावू नकोस." तपासणीवाले रोज फेरी घालतच असत. त्यांनी दोघींना पाहिलं आणि दुपारी बैलगाडी आणली. गावाबाहेर माळावर तट्ट्यांचं एक तात्पुरतं इस्पितळ उभारलं होतं, तिथे न्यायचं होतं. घरच्यांना आत जाता येत नव्हतं. तारमास्तराने हुज्जत घातली, मी हातापाया पडलो, काही उपयोग झाला नाही.

गाडीत पेंढ्यावर दोघी शेजारी शेजारी निजल्या होत्या. अक्काने मान वर केली आणि मला म्हणाली, "आईच्या आंघोळीचं पाणी फार कढत करू नकोस. तिला दिसत नाही, ती तसंच ओतून घेते."

मी हो म्हटलं. गाडी निघाली. तेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

इस्पितळात नेल्यावर काय झालं, ते कोणीच मला नीट सांगू शकलं नाही. अंगावरचे कपडे काढून घेऊन उकळायला टाकत आणि सगळ्यांना सारखीच जाड चादर देत. मनगटाला दोऱ्याने एक बिल्ला बांधत. दोघी तापाने बेशुद्ध, दोघी केशवपन केलेल्या, एकाच गाडीतून आलेल्या. स्वच्छ करताना बिल्ले सोडले असतील आणि परत बांधताना उलटसुलट बांधले गेले असतील. कोणी मुद्दाम केलं नाही. रोज गाड्या भरून येत होत्या आणि बघणारी माणसं मोजकी होती.

बाहेरून दिलेली पेज आत पोचवत असत. आई रोज सकाळी चाचपत चाचपत चुलीशी बसे आणि स्वतःच्या हाताने तांदळाची पेज करी. त्यात मीठ, चिमूटभर मेतकूट, वरून तूप. मी तांब्या घेऊन माळावर जाई. फाटकावरचा माणूस आमच्या बिल्ल्याची खूण सांगून तो आत देई आणि रिकामा तांब्या परत आणी. पहिले दोन-तीन दिवस तो म्हणे, "शुद्ध नाही." मग एके दिवशी म्हणाला, "आज चमच्याने घेतली." मी धावत घरी आलो.

त्याच दिवशी दुपारी तारमास्तराला निरोप आला की त्याची आई गेली.

त्याच्याबरोबर जायला कोणी तयार होईना. त्या दिवसांत लोक सख्ख्या भावाच्या प्रेतालाही हात लावत नसत. मी गेलो. चादरीत गुंडाळून, वरून चुना टाकून प्रेत बाहेर आणलं. त्याने तोंड बघू द्या म्हणून विनवलं. फाटकावरचा माणूस म्हणाला, "उघडायचा हुकूम नाही." तारमास्तर ढसाढसा रडायला लागला. मी त्याला धरलं, म्हटलं, "चला, आता लवकर आटपायला हवं." आम्ही दोघं आणि भाड्याने घेतलेले दोघं, असा खांदा दिला. फार हलकं होतं. मला आठवतं, मनात आलं, काकू बोलायच्या किती आणि आता किती हलक्या झाल्या. खाडीकाठी त्याने अग्नी दिला. मी थोडा लांब उभा होतो. परत येताना सांज झाली. आई दाराशीच बसली होती. मी तिला सांगितलं, "काकू गेल्या. आपली अक्का मात्र सुधारतेय." आईने हात जोडले.

पुढे रोज बातमी चांगलीच येत होती. पेज संपतेय, उठून बसतेय, चार पावलं चालली. तारमास्तराने इकडे डोकं भादरून क्रियाकर्म केलं, तेरावं केलं. त्याची बायको कळव्याला माहेरी निघून गेली. तो दिवसभर स्टेशनात असे.

शेवटी एकदा फाटकावरचा माणूस म्हणाला, "उद्या घेऊन जा." मी गाडी ठरवली. आईने धुतलेलं अलवण काढून दिलं. फाटकाशी थांबलो. आतून एक बाई भिंत धरत धरत आली. ऊन माझ्या डोळ्यांवर होतं. मी दोन पावलं पुढे झालो, "अक्का" म्हणून हाकही मारली.

"मास्तर?" ती म्हणाली. "माझा मुलगा नाही आला?"

काकू होत्या.

मी त्या माणसाला म्हटलं, "ही आमची नव्हे. आमची कुठे आहे?"

त्याने बिल्ला बघितला. "हीच की. हिलाच तुमची पेज जात होती."

"हिच्याबरोबर आलेली दुसरी बाई?"

"ती गेली ना. मुलगा घेऊन गेला. तुम्हीच नव्हता का बरोबर?"

मी तिथेच मातीत बसलो. काकूंना काही कळेना. त्या मला विचारत होत्या, अहो काय झालं, माझ्या मुलाला काही झालं का? मी कसाबसा म्हणालो, "मुलगा बरा आहे. अक्का गेली." मग त्याही माझ्या शेजारी बसल्या.

गाडीत त्या रडत रडत सांगत होत्या. सुरुवातीला शेजारी शेजारी होतो, मग मला काहीच आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा शेजारी दुसरीच कोणी होती. पेज यायची, घरून आलीय म्हणायचे. "मला वाटलं, सून सुधारली," काकू म्हणाल्या. "पण मेतकूट कुठून आलं, ते काही कळेना. आमच्या घरात तिला कुटता येत नाही."

त्यांची झोपडी बंद होती. मुलगा कामावर. मग त्यांना आमच्याकडेच आणावं लागलं. वाटभर मी आईला कसं सांगायचं ते जुळवत होतो. पण गाडीचा आवाज ऐकून आई आधीच बाहेर येऊन उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. मी "आई, थांब" म्हणेपर्यंत तिने काकूंवरून तुकडा उतरवला, पायांवर पाणी घातलं आणि दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला.

धरला आणि हात तिथेच थांबले. कपाळ, भुवया, हनुवटी, सगळं तिने एकदा चाचपलं.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

काकू तिच्या पायाशी वाकल्या. आई तशीच उभी. तिने विचारलं, "पेज तुला पोचत होती का?"

"हो."

"रोज?"

"रोज. तिच्यावरच वाचले मी."

"बरं," आई म्हणाली. "वाया नाही गेली." मग आत जाऊन कोपऱ्यात तोंड फिरवून बसली.

संध्याकाळी तारमास्तर आला. मी स्टेशनात निरोप धाडला होता, तरी तो झोपडीपासून लांबच उभा राहिला. डोक्यावर नुकते केस उगवत होते. पाय पुढे पडेनात. काकू अलवण घोट्यापर्यंत वर धरून म्हणाल्या, "अरे, मी भूत नव्हे. बघ, पाय सरळ आहेत." तेव्हा तो लहान मुलासारखा धावत आला.

पुष्कळ वेळाने तो माझ्याकडे वळला. "म्हणजे मास्तर, मी ज्यांना अग्नी दिला त्या..."

"हो," मी म्हटलं.

"माझी आई समजून दिला हो मी. मुलाने द्यावा तसा."

मी त्याला म्हटलं, तिला तरी कुठे मूल होतं?

काकूंचं क्रियाकर्म होऊन गेलेलं. शास्त्रीबुवांनी सांगितलं, त्यांचे जन्मापासूनचे संस्कार पुन्हा करायला हवेत, त्याशिवाय घरात घेता येणार नाही. झालं तसं. नंतर काकू मला म्हणाल्या, "मला बारशाला बसवलं हो मास्तर, ह्या वयात. नाव मात्र जुनंच ठेवलं." आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, कारण शेजारी ऐकायला अक्का नव्हती.

आम्ही शिमग्यापर्यंत शेतातच राहिलो. पाखरं होती. अक्का म्हणाली तसंच झालं. मातकट कडा झिजत गेल्या आणि आतलं काळं वर आलं, शाईसारखं. तांबड्याचं तांबडंही लखलखायला लागलं. काळा आणि तांबडा आता शंभर हातांवरूनही ओळखू येत होते. आणि माद्या होत्या तशाच राहिल्या. मी रोज बांधावर जाऊन बसत असे. बघण्यासारखं त्यात आता काही उरलं नव्हतं, तरीही. मग ऊन तापायला लागलं आणि एके सकाळी बाभळी रिकाम्या दिसल्या.

बऱ्याच वर्षांनी माझी बदली ठाण्याला झाली. तिथे जंगलखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची ओळख झाली. त्यांच्याकडे पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या पेट्या होत्या. त्यांत ही पाखरं मी लगेच ओळखली. ते म्हणाले, यांना भारीट म्हणतात. दोन जाती आहेत, अगदी जवळच्या, बहिणी बहिणी म्हणा. काळ्या डोक्याचा इराणकडून येतो, तांबड्या डोक्याचा समरकंद-बुखाऱ्याकडून. थंडीपुरते इकडे एकत्र राहतात आणि आपापल्या मुलखात जाऊन गातात. मी विचारलं, माद्या? त्यांनी पेटीच्या खालच्या कप्प्यातून दोन-तीन मातकट पाखरं काढून तळहातावर ठेवली.

"ह्या कोणाच्या, ते हातात घेऊनसुद्धा खात्रीने सांगता येत नाही," ते म्हणाले. "ज्या थव्यातून मारली, त्याच्या नावावर लावायची. दुसरा इलाज नाही."

मी त्यांतली एक हातात घेतली. काहीच वजन नव्हतं. त्यांनी चहाचा आग्रह केला, पण मी थांबलो नाही. घरी येईपर्यंत रस्ता कुठला घेतला, हे मला आठवत नाही.

पण हे सगळं फार पुढचं. त्याआधी, शेतातून परतल्यावर पुढच्या थंडीत, अक्काची पहिली तिथी आली. तिथी तारमास्तराने आईची म्हणून धरली होती तीच. श्राद्ध मी करणार होतो. सकाळी भटजी यायच्या आत तोच दारात येऊन उभा राहिला, सोवळं काखोटीला मारून.

"मास्तर, राग मानू नका," तो म्हणाला. "अग्नी मी दिला, तर पिंडही मीच द्यावा असं मला वाटतं. आईनेही हेच सांगून पाठवलंय."

भटजींनी गोत्राची अडचण काढली. बाई माहेरची नाही, सासरची. हा तर कोणाचाच नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात आई आतून म्हणाली, "भटजी, तिच्या सासरहून इतक्या वर्षांत कोणी आलं नाही. हा आलाय. ह्याला करू द्या." भटजींनी त्याच्यासाठी पाट मांडला.

त्याने सगळं नीट, सावकाश केलं. जेवणं झाल्यावर तो आईजवळ जाऊन बसला. आईने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ नुसती कुरवाळत राहिली. मग हळूच विचारलं, "बाळ, एक सांग. लाकडं पुरेशी होती का रे?"

"होती, आजी."

"कसली?"

"आंब्याची. चांगली वाळलेली."

"आणि लवकर झालं?"

"हो. लवकर झालं. तूपही होतं."

आईने मान हलवली. "हा मला काही सांगत नाही," ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली. "विचारलं की उठून जातो."

त्या दिवसांत खाडीकाठी लाकूड मिळत नव्हतं. बाभळीची ओली झुडपं आणि होड्यांच्या मोडक्या फळ्या रचून, राकेल ओतून त्याने ते काम केलं होतं. वाऱ्याने दोनदा विझलं. मी तिथे उभा होतो, आणि मी तिथे होतो हे त्यालाही माहीत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आईचा हात धरून तो तसाच बसून राहिला आणि ती विचारत गेली त्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला.